एक शनिवार सोडून एक

टोल्मीन, २० सप्टेंबर २०२१

प्रिय झार्या,

तुला इटलीत जाऊन तीन आठवडे झाले आणि तुझा एक कागद नाही. मोबाइलवर हसऱ्या तोंडांची चित्रं पाठवतेस, ती मला नकोत. फोनही नको. फोनवर तू बोलतेस ते मला मांजर घागरीत अडकल्यासारखं ऐकू येतं. तीस वर्षं स्टेशनात गाड्यांच्या शिट्ट्या ऐकून माझे कान गेले, डोळे नाही गेले; समोरच्याचे ओठ वाचते, कागद वाचते. तेव्हा शाईने लिही, आणि शब्द पूर्ण लिही.

दुकानातली मीत्सी रोज विचारते, "तुमची फुटबॉलवाली काय म्हणते? गोल किती झाले?" मी म्हटलं, अजून एकही नाही. तर म्हणाली, "मग तिला पगार कशाचा?" तू तिथे नेमकं करतेस काय, ते एकदा लिहून पाठव. मी गावात तोंड वर करून फिरेन तरी.

तुझा बाप रादो बरा आहे. आठही गायी बऱ्या आहेत. तू नर्सिंगचं शेवटचं वर्ष सोडून चेंडूमागे निघालीस, तेव्हा तुझा बाप दारात फक्त "जा" म्हणाला आणि गोठ्यात गेला, याचा तुला राग आहे, ठाऊक आहे मला. पण माणूस बोलतो एक आणि मनात दुसरंच असतं. परवाच जेवताना मला म्हणाला, "पोरगी हिमतीची आहे." आई नसलेल्या पोरीला बापाने आणखी काय म्हणायचं?

पोटभर खा. इटलीतले लोक पीठ खातात असं ऐकते.

तुझी आत्या,
पावला

---

उदिने, ३ ऑक्टोबर २०२१

आत्या,

शाई. पूर्ण शब्द. खूश?

मीत्सीला सांग, मी मधल्या फळीत खेळते. माझ्या मागे गोल वाचवणाऱ्या, पुढे गोल करणाऱ्या. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, मान वळवून बघायचं कोण मोकळी आहे, आणि तिच्याकडे द्यायचा. समोरच्यांकडे चेंडू गेला की धावत जाऊन काढून आणायचा, की पुन्हा तेच. नव्वद मिनिटं. टाळ्या दुसऱ्यांना.

तरी पटलं नाही तर असं विचार, की पावलाबाई तीस वर्षं पोद्‌ब्रदोच्या स्टेशनात होत्या, त्यांनी एक तरी गाडी चालवली का? मग त्यांना पगार कशाचा मिळत होता?

आमची कोच ऑर्नेला पन्नाशीची आहे आणि मैदानाबाहेरून अशी ओरडते की तुलाही ऐकू येईल. मला नावाऐवजी देशावरून हाक मारते, "स्लोव्हेन, तू चेंडू फार लवकर सोडतेस. गरम बटाटा आहे का तो?" मी बाकावरच असते. शेवटची वीस मिनिटं मिळतात. चौघीजणी एका घरात राहतो आणि भांडी मीच घासते, कारण मला इटालियनमध्ये "नाही" म्हणता येतं, पण भांडता येत नाही.

बाबा खरंच "हिमतीची" म्हणाले? हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकला होता, तोही वासराबद्दल.

झार्या

---

टोल्मीन, ६ फेब्रुवारी २०२२

प्रिय झार्या,

तुझं स्टेशनचं उत्तर मी मीत्सीच्या तोंडावर फेकलं. पावाचे सुटे पैसे परत देताना ती म्हणाली, "पण पावलाबाई, तुमच्या हातून चूक झाली असती तर गाडी उलटली असती." म्हणजे तिच्या मते तुझ्या हातून चुका होऊनही काही बिघडत नाही. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तू आता पहिल्या मिनिटापासून खेळतेस हे वाचून मी दोन वेळा चष्मा पुसला. रादोला सांगितलं. म्हणाला, "मला ठाऊकच होतं, ती नाव काढणार."

आता खरी बातमी. दार लावून वाच. मला वाटतं, तुझ्या बापाचं बाहेर काहीतरी आहे.

हसू नकोस. गेल्या ऑक्टोबरपासून तो चेदादला चीज विकायला जातो म्हणतो. जाऊ दे, सीमेपलीकडे भाव बरा मिळतो. पण चीज विकायला माणूस दाढी करतो का? इस्त्रीचा शर्ट घालतो का? सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो, आणि जेवताना मान खाली घालून स्वतःशीच पुटपुटतो. मला ते ऐकू येत नाही म्हणून त्याचं फावतं. आणि ऐक, दर शनिवारी नाही जात. एक शनिवार सोडून एक. मी खूप विचार केला. ती बाई बहुधा मधल्या शनिवारी आईकडे जात असावी.

तुझी आई जाऊन सतरा वर्षं झाली. मी काही त्याला बोलणार नाही. पण ती बाई चीजची पारख करणारी असावी एवढीच इच्छा आहे.

पावला

---

उदिने, १३ मार्च २०२२

आत्या,

घरातल्या तिघींना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. आता सगळ्यांना चेदादच्या बाईत रस आहे. आमची गोलरक्षक सिल्व्हाना पैज लावून म्हणते की बाई विधवा आहे आणि तिचं चपलांचं दुकान आहे. बाबांना सांग, लग्नात मी नाचेन.

मीत्सीला बातमी दे. गोल झाला. माझा! कोपऱ्यावरून चेंडू आला, मी कोणालातरी ढकलायला वळले, तो माझ्या पाठीवर आपटला आणि आत गेला. मला सगळ्या येऊन बिलगल्या तेव्हा कळलं. ऑर्नेला म्हणाली, "तुझ्या पाठीला तुझ्यापेक्षा खेळ जास्त कळतो."

एक लिहू की नको असं दोनदा वाटलं, तरी लिहिते. चेदादहून आमचं मैदान पंधरा किलोमीटर आहे. बाबा एका परक्या बाईसाठी दाढी करून येतात आणि पोरीसाठी पंधरा किलोमीटर पुढे येत नाहीत. मी काही रागावले नाही. जरा रागावले आहे. त्यांना हे सांगू नकोस. सांगायचंच असेल तर हळू आवाजात सांग. अर्थात तुला ते जमत नाही.

झार्या

---

उदिने, २४ नोव्हेंबर २०२२

आत्या,

घाईत लिहिते. गेल्या शनिवारी चिखलात पाय घसरला आणि उजवा गुडघा जरासा मुरगळला. काही नाही, दोन-तीन आठवड्यांची विश्रांती. डॉक्टर म्हणतात, असं सगळ्यांनाच होतं. हे तुला मीच कळवते, म्हणजे कुठून उडत उडत ऐकून (म्हणजे वाचून) तू काळजी करत बसणार नाहीस.

नाताळला मात्र घरी येता येणार नाही. इथे जादा सराव आहे. माझ्या वाटणीचे श्त्रुक्ली तू खा, सारणात अक्रोड जास्त घाल.

झार्या

---

टोल्मीन, ११ डिसेंबर २०२२

प्रिय झार्या,

मुरगळलेल्या गुडघ्याला जादा सराव देणारे डॉक्टर मी प्रथमच पाहते. मी काही विचारत नाही. नर्सिंग तू शिकलीस, मी नाही.

घरात सगळं विचित्र चाललं आहे. रादोचं चेदादचं प्रकरण मोडलं! नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी तो आला तो जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कुऱ्हाड घेऊन परसात गेला आणि दोन दिवस लाकडं फोडत बसला. आता आपल्याकडे तीन हिवाळे पुरतील एवढं सरपण आहे. गोठ्याच्या भिंतीला लावलं, घराच्या भिंतीला लावलं, आता माझ्या खिडकीला लावतो आहे. तेव्हापासून चेदादचं नाव नाही. दाढी वाढवली आहे. बाईने फारच वाईट शब्दांत नकार दिलेला दिसतो.

मी त्याला समजावायला गेले. म्हटलं, "रादो, या वयात होतं असं." त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच ती बाई.

तुझ्याबद्दल मात्र म्हणाला, "ती लोखंडाची आहे, लवकर उठेल."

तू खरंच बरी आहेस ना?

पावला

---

उदिने, ८ ऑक्टोबर २०२३

आत्या,

आधी बस. चहा जवळ घे. मग वाच.

गुडघा मुरगळला नव्हता. आतला मोठा स्नायुबंध तुटला होता. नाताळच्या आधी शस्त्रक्रिया झाली. जानेवारीत मी कुबड्यांवर होते, मार्चमध्ये पाण्यात चालायला शिकत होते, मेमध्ये सरळ रेषेत धावले तेव्हा रडले. ऑगस्टमध्ये घरी आले तेव्हा एवढ्या उन्हाळ्यात लांब विजार घालून फिरत होते, आठवतं? तू म्हणालीस, इटलीत हीच फॅशन का? मी हो म्हटलं. बाबांनी एकदा खाली पाहिलं आणि म्हणाले, "हवा बरी आहे." मीही म्हटलं, बरी आहे. चार दिवस आम्ही हवेबद्दलच बोललो.

मी खोटं का बोलले? तू शिव्या दिल्या असत्यास, त्याचं काही नाही. बाबा काही बोलले नसते. "मी सांगितलं होतं" एवढंही नाही. त्यांचं ते न बोलणं मला कुबड्यांवर झेपलं नसतं.

पण आता मी मैदानात आहे! काल पंधरा मिनिटं खेळले. अकरा महिन्यांनी. सिल्व्हानाने गोलातून ओरडून विचारलं, "अजून जिवंत आहेस?" सगळं ठीक आहे. आता तरी खरंच.

दे शिव्या.

झार्या

---

टोल्मीन, २९ ऑक्टोबर २०२३

झार्या,

"प्रिय" नाही लिहिलं. मुद्दाम.

अकरा महिने! मी तुला "पाय शेकून घे" असं लिहीत होते आणि तुझ्या गुडघ्यात डॉक्टर सुतारकाम करत होते. गाढव आहेस तू. तुझ्या बापासारखीच आहेस. आपल्या कोफोल घराण्यात जीभ फक्त माझ्याकडे आली आणि कान मात्र देवाने माझेच नेले, हा न्याय आहे का?

रादोला सगळं वाचून दाखवलं. नुसता "हं" म्हणाला. त्याला धक्काच बसला असणार. नंतर म्हणाला की तू शूर आहेस, आईसारखी.

एक बरी बातमी. चेदादवालीने माफ केलेलं दिसतं. गेल्या शनिवारी पुन्हा दाढी झाली.

आता प्रिय झार्या,
जपून खेळ.

पावला

---

उदिने, १८ फेब्रुवारी २०२४

आत्या,

मी थांबायचं ठरवलं आहे. मेमध्ये हंगाम संपला की बूट ठेवून देणार. पंचविशी उलटली. लुब्लियानाला परत जाऊन नर्सिंगचं वर्ष पूर्ण करते. कुठेतरी दवाखान्यात लागेन. तिथे कोणी माझ्या पायावर उडी मारणार नाही.

तू विचारशील, गुडघा दुखतो का? नाही. डॉक्टर म्हणतात एकदम पक्का आहे. खेळ वाईट होतो असंही नाही, मी चुका करतच नाही. मागून घेते, बाजूला देते. ऑर्नेला आता माझ्यावर ओरडत नाही. नुसती बघते. तेच सहन होत नाही. आम्ही तळाला आहोत, उरलेल्या सामन्यांत सावरलो नाही तर खालच्या वर्गात जाऊ. कोच पुढच्या वर्षाचं विचारत होती. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मला कंटाळा आला, एवढंच. माणसाला कशाचाही कंटाळा येऊ शकतो. तुला नव्हता आला गाड्यांचा?

बाबांना एवढ्यात सांगू नकोस. "चला, शहाणी झाली" हे त्यांच्या चेहऱ्यावर मला समोरून बघायचं आहे.

झार्या

---

टोल्मीन, ३ मार्च २०२४

झार्या,

पावलाने मला सांगितलं. तू सांगू नको म्हणालीस म्हणून ती कुजबुजली. चौकापर्यंत ऐकू गेलं.

मी पत्रं लिहीत नाही. चुका असतील.

तिने सांगितलं तेव्हा मी सूप पीत होतो. माझ्या तोंडून गेलं, "कंटाळा नाही. ती डावीकडे वळायला घाबरते." पावला माझे ओठ वाचते हे मी विसरलो. तिने विचारलं, तुला काय माहीत? मग मला सांगावं लागलं. तिने मला पळी मारली.

चेदादला कोणी बाई नाही. चेदादला मी चीज उतरवतो आणि तुमच्या मैदानावर येतो. तुमच्या घरच्या सामन्यांना. पलीकडच्या कोपऱ्यात झेंड्यामागे उभा राहतो, तिकडे कोणी बघत नाही. दुसऱ्या गावचे सामने लांब असतात, गायी सोडून जाता येत नाही.

पावलाने माझ्या नावावर तुला काय काय लिहिलं ते परवा कबूल केलं. हिमतीची, नाव काढणार, लोखंडाची, आईसारखी. त्यातलं मी काही म्हणालो नाही. पहिल्या वर्षी मी म्हणायचो की चेंडू लवकर सोडते. नंतर ते सुधारलं. दुसऱ्या वर्षी म्हणायचो की आता मान वर करून खेळते. पण मी स्वतःशीच बोलायचो.

आता तू फक्त उजवीकडे वळतेस. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर भार टाकावा लागतो, तो तू टाकत नाहीस. ऑक्टोबरपासून एकदाही नाही. मी मोजतो. समोरच्या संघांतल्या मुलींनाही हे कळलं आहे, त्या तुझी उजवी बाजू बंद करतात आणि तू मागे देतेस. चुका होत नाहीत कारण तू काही करतच नाहीस. आपली लिस्का गाय गोठ्याच्या पायरीवर पडली होती, त्यानंतर ती पायरी आली की थांबायची. पाय बरा होता.

थांबायचं तर थांब. नर्सिंग चांगलं आहे. पण कंटाळा म्हणू नको.

त्या नोव्हेंबरात तू पडलीस तेव्हा मी होतो. गुडघ्याचा आवाज आला. तुला उचलून नेलं तेव्हा मी कुंपणाजवळ होतो, तीस पावलं असतील. मी गाडीत जाऊन बसलो. दोन तास. मग घरी आलो. मी तुला जा म्हटलं होतं. जा म्हणणाऱ्याने मागे मागे यायचं नसतं असं मला वाटायचं. आता नक्की माहीत नाही.

गायी बऱ्या आहेत.

बाबा

---

उदिने, १० मार्च २०२४

बाबा,

तुमचं पत्र मी सात वेळा वाचलं आणि तीन वेळा फाडायला घेतलं.

तीस पावलं. मला मैदानातून नेलं तेव्हा मी सिल्व्हानाचा हात धरला होता आणि आईला हाका मारत होते. तुम्ही ऐकलं असेल. आणि तुम्ही गाडीत बसलात. इस्पितळात माझ्या कागदावर "जवळचं माणूस" अशी एक जागा होती, तिथे मी घरमालकिणीचं नाव लिहिलं. हे मी तुम्हाला टोचायला लिहिते आहे. टोचलं पाहिजे.

तिकडे आत्या मला तुमची कौतुकं बनवून पाठवत होती आणि मी ती उशाखाली ठेवत होते. तिला सांगा, मी रागावले आहे. मग सांगा की नाही रागावले. तिने तेवढं केलं नसतं तर पहिल्याच हिवाळ्यात मी परत आले असते.

आता डावीकडचं. हे खोटं आहे असं मी ठरवलं. म्हणून ऑर्नेलाकडे जाऊन गेल्या सहा सामन्यांच्या चित्रफिती मागितल्या. तिने काही न विचारता दिल्या, म्हणजे तिलाही माहीत होतं. पाहिल्या. एकदाही नाही. तुम्ही बरोबर मोजलंत.

सरावात रोज प्रयत्न करते. पाय टेकला की अंगाला घाम फुटतो. गुडघा काही करत नाही. त्याला काही झालेलंच नाही. माझंच डोकं पायरीवर थांबतं. (मला लिस्काच्या रांगेत बसवल्याबद्दल आभार. ती गाय मला आवडायची.)

थांबायचं की नाही, ते अजून ठरवलं नाही. ऑर्नेलाला मेपर्यंत वेळ मागितला आहे. शेवटचा सामना अठरा मेला, शनिवारी, घरच्या मैदानावर. दोन तिकिटं ठेवते. मधल्या रांगेत बसायचं, आत्याबरोबर. झेंड्यामागे दिसलात तर मी सामना थांबवून सगळ्यांना सांगेन की तो माझा बाप आहे.

झार्या

---

टोल्मीन, २० मे २०२४

प्रिय झार्या,

परवा मैदानात होतीस तू, पण वर रांगेत काय झालं ते तुला कोण सांगणार? रादो? तो कालपासून "सामना बरा झाला" यापुढे गेलेला नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा असल्या ठिकाणी गेले. ऐकू येत नाही हे तिथे वरदानच आहे. पुढचा माणूस कर्णा वाजवत होता, मला नुसते त्याचे गाल दिसत होते. मी मात्र जोरात बोलत होते म्हणे. "हिला बघ, हिचा गोल तर पाठीने झालेला!" असं मी म्हटलं ते चार रांगांनी ऐकलं.

तुमचा एक गोल झाला. रादो टाळ्या वाजवत नाही, गुडघ्यावर बुक्की मारतो. माझ्या गुडघ्यावर. निळा डाग पडला आहे. बरोबरी झाली तरी तुमचा संघ वाचतो, हे त्याने मला कागदावर लिहून समजावलं होतं, त्यामुळे मी आरामात बसले होते.

मग तू तो उजवा पाय रोवलास आणि डावीकडे वळलीस. मला खेळातलं काय कळतं? पण शेजारी रादो उभा राहिला म्हणून मला कळलं. आणि त्याच क्षणी त्या पिवळ्या सदऱ्यातल्या मुलीने तुझ्या पायातून चेंडू काढला आणि तुमच्यावर गोल झाला.

झार्या, मला वाटलं, झालं. मागे एक जाडा माणूस उठला. मी ओठ वाचले, इटालियन मला स्टेशनापुरतं येतं. "आठ नंबरला काढा! झोपली आहे ती!" रादो मागे वळला. तुझा बाप, जो मीत्सीच्या दुकानात पाव मागायलाही बोट दाखवतो, तो त्याला म्हणाला, "चेंडू घालवला त्याबद्दल शिव्या दे. मीही देतो. पण तिला काढायचं नाही. ती बरोबर वळली." तो माणूस म्हणाला, "तुझी कोण लागते?" उत्तर मी दिलं. म्हणे चेदादपर्यंत ऐकू गेलं.

त्यानंतर तू पुन्हा वळलीस. डावीकडेच. माझा हात रादोने एवढा दाबला होता की मी दुसऱ्या हाताने डोळे झाकले. उघडले तेव्हा चेंडू तुझ्याच पायात होता. मग आणखी एकदा. शेवटी पंचाने हात वर केले, बरोबरी राहिली, सगळे नाचायला लागले, जाड्याने माझे दोन्ही गाल चुंबले.

मी वळून पाहते तर रादो जागेवर नाही. म्हटलं, गेला गाडीत! मी पायऱ्या उतरत होते तुला शोधायला आणि त्याला पळी मारायला. तर तो खाली कुंपणाशी होता, तू पलीकडून आलीस. नंतर कुंपणाचं दार उघडून तो आत गेला आणि खाली वाकला. पुढे माणसांची गर्दी झाली, मला काही दिसलं नाही. ओठही दिसले नाहीत.

तो काय म्हणाला? मी त्याला तीनदा विचारलं. दोनदा "गायींना चारा घालायचा आहे" म्हणाला, तिसऱ्यांदा "सामना बरा झाला." लगेच लिही. पूर्ण शब्दांत. आणि हे माझं पहिलं पत्र आहे ज्यात रादोच्या तोंडचं प्रत्येक वाक्य खरं आहे, याची नोंद घे.

पावला

---

उदिने, २६ मे २०२४

आत्या,

तू मैदानभर ओरडलीस, "आमची आहे ती, आमची!" मला ऐकू आलं. समोरची मिडफिल्डर मला म्हणाली, तुला कोणीतरी बोलावतंय.

तो गोल माझ्यामुळे झाला. खरं सांगते, त्या वेळी मला पहिला विचार आला तो असा, की गुडघा टिकला. सगळ्या माझ्याकडे रागाने बघत होत्या आणि मला हसू येत होतं. मग भीती वाटली, पण ती साधी होती, सामना घालवण्याची. ती मला ओळखीची आहे. सिल्व्हानाने गोलातून चेंडू काढून माझ्याकडे फेकला आणि म्हणाली, "आता परत तसंच वळ, गाढवा, पण आधी बघ." उरलेली वीस मिनिटं मी तेच केलं. रात्री जेवताना ऑर्नेलाला सांगितलं, आणखी एक वर्ष. ती म्हणाली, "मी कागद आणलाच आहे," आणि लगेच माझ्यावर ओरडली, की त्या पहिल्या वळणाला डोकं खाली होतं म्हणून. दीड वर्षाने ओरडली. नर्सिंग कुठे पळून जात नाही.

आता बाबांचं.

मी कुंपणाशी गेले तेव्हा ते तिथे उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. मला वाटलं, आता हवेबद्दल बोलतील. तेवढ्यात त्यांनी दार उघडलं, आत आले, आणि सगळ्या संघासमोर चिखलात एक गुडघा टेकून माझा मोजा खाली केला. गाय लंगडायला लागली की करतात ना, तसं. दोन्ही अंगठ्यांनी गुडघ्याच्या दोन्ही बाजू दाबल्या. शस्त्रक्रियेच्या खुणेवर बोट ठेवलं. ती खूण त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. बोट थांबलं तिथे. वर न बघता विचारलं, "दुखतं?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. सवयच ती. मग म्हटलं, "हो. जिना उतरताना दुखतं. आणि रोज सकाळी."

"फार?"

"फार नाही. पण दुखतं, बाबा."

त्यांनी मोजा वर ओढला, सरळ केला, दोनदा थोपटला. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. त्यांचाही गुडघा दुखतो, आत्या, हे तुला माहीत होतं?

झार्या